वळचणीचं कार्ड

प्रकाशनातल्या मुलीचा फोन आला तेव्हा छोटी चहाचे कप विसळत होती. ओल्या हातानेच तिने फोन कानाला लावला.

"बाई, सगळं मस्त जुळून आलंय," मुलगी म्हणाली. "फक्त एक शंका आहे. लपूनछपून वागण्याचे इतके इंग्रजी शब्द तुमच्या बाबांनी गोळा केलेत, मग त्यात ईव्हजड्रॉप कसा नाही? चोरून ऐकणं म्हणजे त्यातला सगळ्यात ओळखीचा शब्द."

"नाही का त्यात?" छोटी म्हणाली. "राहिला असेल कुठेतरी. शोधते."

"परवा सकाळी छपाईला जायचंय, म्हणून म्हटलं."

शोधते म्हणे. शोधायचं काय होतं त्यात? ईव्हजड्रॉपचं ते कार्ड गेले तीन आठवडे तिच्याच पर्समध्ये, चष्म्याच्या घराच्या मागे दडवलेलं होतं, आणि दडवणारी तीच होती. कार्ड आहे तसं छापलं तर बाबांच्या पुस्तकात तिचं एक खोटं कायमचं जाऊन बसणार. गाळलं तर त्याच कार्डावर दादाने दिलेले दोन शब्द होते, तेही गेले. आणि दुरुस्त करायचं तर दादासमोर उभं राहून सांगायला हवं, की सत्तेचाळीस वर्षांपूर्वी मी काय केलं. तीनपैकी एक काहीतरी परवाच्या आत करायचं होतं. दादाने तोंड फिरवलं तर हक्काने जाऊन बसावं असं दुसरं दार तिला उरलेलं नव्हतं.

ही छोटी म्हणजे कोणी शेंबडी पोर नव्हे हं. अठ्ठावन्न वर्षांची, तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली बाई. जिना चढताना कठडा सोडत नाही आणि नळवाल्याशी भांडताना माघार घेत नाही. पण घरात धाकटी म्हणून जी छोटी झाली ती छोटीच राहिली. आई-बाबा गेल्यावर त्या नावाने हाक मारणारा जगात एकच माणूस राहिला होता, दादा.

तर आता ते कार्ड ज्या डब्यातलं, त्या डब्याची गोष्ट.

बाबाही शाळेत इंग्रजी शिकवायचे. त्यांना एक वेड होतं, आणि वेडच म्हणायचं, कारण त्यातून घरात कधी काही आलं नाही. इंग्रजी शब्द मुळात कुठून निघाले हे आपल्या माणसांना आपल्या भाषेत सांगायचं. सगळ्या इंग्रजीला हात घालायचा तर सात जन्म पुरले नसते, म्हणून त्यांनी डबे केले होते. पत्र्याचे, बिस्किटांचे, झाकणं वाकडी झालेले. एक खाण्यापिण्याच्या शब्दांचा, एक हवेपाण्याचा, एक कपड्यालत्त्याचा. ते सगळे अर्ध्यावर राहिले. भरला तो एकच, चोरट्या शब्दांचा. आई म्हणायची, त्या डब्याला लागणारा माल आपल्या घरातच भरपूर निघतो ना, म्हणून भरला.

आणि ते खरंच होतं. बाबांचा नियमच तसा होता. प्रत्येक कार्डावर वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली शब्दाचं मूळ, मग त्याच चालीचा आपला शब्द असला तर तो, आणि शेवटी एक उदाहरण. ते उदाहरण घरातलंच पाहिजे, घडलेलंच पाहिजे, वारासकट. बनवलेली वाक्यं बाबांना खपायची नाहीत. "राम वनात गेला, सीता वनात गेली, हे पुस्तकवाल्यांना करू दे," म्हणायचे. "आपल्याकडे जे झालं ते लिहायचं. अर्थ चुकला तर उद्या सुधारता येतो. उदाहरण खोटं निघालं तर ते कोण सुधारणार?"

रविवारी जेवणं झाली की टेबल पुसलं जायचं, त्यावर बाबांचे दोन जाडजूड कोश यायचे, दौत यायची, आणि मधोमध एक वाडगा. आठवडाभरात शब्द वाटून दिलेले असायचे. चौघांनी आपापली उदाहरणं कागदाच्या कपट्यांवर लिहून, घडी घालून वाडग्यात टाकायची. बाबा एकेक उघडणार, आवडेल ते निवडणार आणि आपल्या वळणदार अक्षरात जाड पांढऱ्या कार्डावर उतरवणार. लिहिणाऱ्याचं नाव कार्डावर नाही. कोणी लिहिलं हे विचारायचंही नाही. घरातली गोष्ट घराच्या नावावर. कपटे मग चुलीत जायचे.

काय एकेक कार्डं झाली होती. फर्टिव्ह म्हणजे चोरटा, कारण लॅटिनमध्ये चोरालाच फूर म्हणतात. त्याखाली उदाहरण: 'मंगळवारी बाबा बूट हातात घेऊन घरात शिरले, कारण छत्री पुन्हा हरवली होती.' हे कोणी लिहिलं ते विचारायची गरज नव्हती, आई तोंडाला पदर लावून हसत होती. बाबांनी ते न कुरकुरता उतरवलं. स्टेल्थ म्हणजे मुळात चोरीच, पावलं न वाजवता चालणं हा अर्थ मागून आला. त्याखाली छोटीचा साखरेच्या डब्यावरचा छापा नोंदलेला होता, बुधवारचा. कनिंग या शब्दाचं मूळ नुसतं 'जाणणं' आहे, त्यात वाईट काही नव्हतं. "जाणत्या माणसाला लोक लबाड म्हणायला लागले, झालं," बाबा म्हणायचे आणि हेडमास्तरांची आठवण काढल्यासारखं खिडकीबाहेर बघायचे. कनाइव्ह म्हणजे लॅटिनमध्ये डोळे मिटणं. तिथे बाबांना शब्द सुचेना, तर आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, डोळेझाक की." बाबा दोन मिनिटं तिच्याकडे बघत राहिले. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली बायको आणि लॅटिन, दोघांनी एकच गोष्ट एकाच रीतीने सांगितली, याचा त्यांना इतका आनंद झाला की त्या दिवशी भांडी त्यांनी घासली.

पण खरा खेळाडू होता दादा. त्याचे कान काय होते कोण जाणे. बाबा मूळ सांगायचे आणि हा पट्कन आपल्याकडचा जोडीदार काढून द्यायचा. इन्सिडियस म्हणजे कपटाने घात करणारा, त्याच्या मुळात लॅटिन 'बसणं' आहे, वाट अडवून लपून बसणं, असं बाबा सांगतायत तोवर दादा म्हणाला, "दबा धरून." पंधरा वर्षांचा पोरगा. बाबांनी नुसती मान हलवली आणि लिहिलं. छोटी तेव्हा अकराची. ती आठवडाभर कोश उलटेपालटे करायची, जीभ बाहेर काढून कपटे लिहायची आणि रविवारी दादाचं एक वाक्य तिच्या सगळ्या कष्टांवर पाणी फिरवायचं. तिला दादा आवडायचा, फार आवडायचा. आणि रविवारी दुपारी दोन ते चार तो तिला अजिबात आवडायचा नाही. दोन्ही खरं होतं.

मग तो आठवडा आला.

गुरुवारी छोटी घसा दुखतो म्हणून शाळेतून, बाबा शिकवायचे त्याच शाळेतून, लवकर घरी निघाली. दुपारची वेळ. पाऊस येऊन गेला होता आणि छपरावरून पागोळ्या गळत होत्या. मागच्या दाराने आत जावं म्हणून ती घराला वळसा घालून आली तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाबांचा आवाज. बाबा, या वेळी, घरी? ती खिडकीच्या बाजूला भिंतीला चिकटून उभी राहिली. बाबा आईला सांगत होते की हेडमास्तरांशी पटत नाही, दुसऱ्या शाळेत बोलणं केलंय, अजून पक्कं नाही, पक्कं होईपर्यंत कोणाला कळता कामा नये. आई म्हणाली, "मी कशाला कोणाला सांगतेय." छपरातलं पाणी छोटीच्या मानेवरून आत पाठीत उतरत होतं, तरी ती हलली नाही. बाबा परत शाळेत गेले तेव्हा ती पुढच्या दाराने साळसूदपणे आत आली आणि घसा दुखतोय म्हणून गरम पाणी प्यायली.

शुक्रवारी सकाळी तिने ही गोष्ट बाकावरच्या मैत्रिणीला सांगितली. गळ्याची शपथ घालून. मैत्रिणीने तिच्या बहिणीला सांगितली, तीही गळ्याची शपथ घालूनच. मधल्या सुट्टीपर्यंत ती गोष्ट हेडमास्तरांच्या खोलीत पोहोचली होती. बाबांना बोलावणं आलं. दुसऱ्या शाळेने असली कुजबुज ऐकून हात झटकले, आणि या शाळेत बाबांकडचे मोठ्या मुलांचे वर्ग काढून घेतले ते कायमचे. त्या संध्याकाळी बाबा घरी आले आणि कोट न काढता खुर्चीत बसून राहिले. छोटीला सगळं समजलं. तिच्या तोंडून ब्र निघाला नाही.

आणि त्या रविवारचा शब्द कोणता होता? ईव्हजड्रॉप. तो बाबांनी सोमवारीच वाटून दिलेला होता, त्याला कोण काय करणार.

बाबा त्या दिवशी टेबलाशी बसतील असं कोणाला वाटलं नव्हतं, पण बसले. थकलेल्या आवाजात त्यांनी मूळ सांगितलं. छपराच्या कडेवरून पाणी ठिबकतं ती जमिनीची पट्टी म्हणजे ईव्हजड्रॉप. तिथे येऊन जो उभा राहतो आणि आतलं ऐकतो, तो ईव्हजड्रॉपर. "आता याला आपल्याकडे काय म्हणायचं?"

"छपराची ती कड म्हणजे वळचण," दादा म्हणाला. "आणि ठिबकतं ते पागोळी. तुमच्या इंग्रजांना दोन शब्दांचा एक करावा लागला, आपल्याकडे दोन्ही वेगवेगळे आहेत."

बाबांचा चेहरा उजळला. दोन दिवसांनी पहिल्यांदा. त्यांनी हात लांब करून दादाच्या डोक्यावरून फिरवला. "तू हे काम पुढे नेणार बघ," म्हणाले. "माझ्यानंतर हे डबे तुझे."

छोटी हे सगळं बघत होती. तिच्यामुळे बाबांचं हसू गेलं होतं आणि दादाने ते दोन शब्दांत परत आणलं होतं. त्या क्षणी तिच्या मनात काय आलं ते तिने पुढे हजारदा आठवून पाहिलं. राग होता, भीती होती, की कोणी आपल्याला पकडायच्या आत दुसऱ्याला पकडवून द्यावं असा हिशोब होता, तिला आजही नक्की सांगता येत नाही. तिने कपटा पुढे ओढला आणि लिहिलं: 'गुरुवारी दुपारी दादा मागच्या वळचणीखाली उभा राहून आई-बाबांचं शाळा बदलण्याबद्दलचं बोलणं ऐकत होता. पागोळ्यांनी त्याची पाठ भिजली.' वार खरा, जागा खरी, बोलणं खरं, भिजलेली पाठसुद्धा खरी. बदललं होतं एवढंच की कोणाची पाठ.

बाबांनी कपटा उघडला, वाचला, आणि मोठ्याने वाचला नाही. घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, "आजचं इतकंच."

संध्याकाळी त्यांनी दादाला आतल्या खोलीत बोलावलं. छोटीने दाराला कान लावला, दुसरं काय करणार होती.

"गुरुवारी तू मागे होतास?"

"सायकल आणायला गेलो होतो."

"खिडकीपाशी उभा राहून ऐकलंस?"

"नाही."

"कार्डासाठी आलंय ते."

"कोणी लिहिलं?"

"ते विचारायचं नाही, तुला माहीत आहे. या घरात कार्डावर खोटं लिहीत नाहीत."

दादा बाहेर आला तेव्हा छोटी वहीत डोकं घालून बसलेली होती. तो तिच्या जवळून गेला, मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि फिरायला निघून गेला. बाबांनी त्याला मारलं नाही, बोललेही नाहीत फारसं. आपल्या नियमाप्रमाणे त्यांनी ते उदाहरण कार्डावर उतरवून डब्यात टाकलं, आणि पुढच्या सोमवारी शब्द वाटताना दादाला शब्द दिला नाही. त्याच्या पुढच्याही सोमवारी नाही. बस, एवढीच शिक्षा. रविवारी टेबलाशी तीनच खुर्च्या असायच्या. चौथी भिंतीला लावून त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात झाली.

दादा रविवारी एका कारागिराकडे जायला लागला, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याकडे. शाळा संपली तसा तिथेच चिकटला. पुढे स्वतःचं दुकान टाकलं, नाव कमावलं. डबे छोटीकडे आले. इंग्रजी घेऊन ती शिकली, शिक्षिका झाली, बाबांच्या हाताखाली तिने पुढची दोनशे कार्डं केली. लोक म्हणायचे, मुलीने बापाचं नाव राखलं. हे ऐकलं की ती विषय बदलायची.

सांगायचं मनात नव्हतं असं नाही. कॉलेजात गेल्यावर सांगू, लग्न झाल्यावर सांगू, बाबा आजारी पडले तेव्हा आता तरी सांगू. बाबांच्या शेवटच्या वर्षात दादानेच त्यांचं सगळं केलं. त्यांना आंघोळ घालायचा, दाढी करायचा, वर चेष्टा करायचा. अशा हसत्याखेळत्या घरात हे कसं काढायचं? आणि असं करत करत बाबाही गेले. आई त्यांच्या तीन वर्षं आधीच गेली होती.

फोन ठेवून छोटीने कप जागेवर लावले, साडी बदलली, पर्स उघडून कार्ड आहे ना ते पाहिलं आणि निघाली. आज नाही तर मग कधीच नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

दादाचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. बारा बाय आठची खोली, भिंतीला फळ्या, फळ्यांवर मशीनची काळी डोकी ओळीने. खाली लाकडी खणांत बॉबिन, शटल, सुया, पट्टे. सगळ्या खोलीला मशीनच्या तेलाचा वास. दादा टेबलावर वाकून एका मशीनचं पोट उघडून बसला होता, चष्मा कपाळावर चढवलेला.

"या मास्तरीणबाई," तो मान वर न करता म्हणाला. "चपलेवरून ओळखलं. बस तिथे स्टुलावर. पुस्तकाचं काय झालं?"

"परवा छापायला जातंय."

"अरे वा. माझं 'दबा धरून' आहे ना त्यात?"

"आहे."

"आणि वळचण, पागोळी?"

छोटीने पर्स मांडीवर घेतली. सत्तेचाळीस वर्षांत त्याने त्या टेबलाचं नाव काढलं नव्हतं. तिला वाटायचं विसरला. विसरला कसला, त्याला आपले शब्द तोंडपाठ होते.

"त्यासाठीच आलेय," ती म्हणाली आणि तिने कार्ड काढून त्याच्यासमोर ठेवलं.

दादाने फडक्याला हात पुसले. चष्मा खाली ओढला. कार्ड त्याने याआधी कधी पाहिलं नव्हतं, कपटाही नाही. बाबांचं अक्षर बघून आधी तो जरा हसला, मग वाचायला लागला. शेवटच्या दोन ओळी त्याने दोनदा वाचल्या, ओठ हलवत.

"हं," तो म्हणाला. "असं होतं होय ते."

"दादा, ते मी लिहिलं होतं," छोटी म्हणाली. एकदा तोंड उघडलं तसं ती थांबली नाही. "तिथे मी उभी होते. मीच ऐकलं आणि शाळेत मीच सांगितलं. बाबांचं जे वाईट झालं ते माझ्यामुळे झालं, आणि मी ते तुझ्यावर ढकललं. मला तुझा राग आला होता त्या दिवशी, बाबा तुला म्हणाले ना, डबे तुझे, म्हणून. मी अकरा वर्षांची होते हे काही कारण नाही. पुढे मी वीस वर्षांची झाले, चाळीस वर्षांची झाले, तरी गप्पच राहिले. तुझी खुर्ची मी घेतली. तू मला काय म्हणशील ते म्हण."

दादा तिच्याकडे बघत होता, पण तिला वाटलं होतं तसं नाही. राग यायला हवा होता तिथे त्याच्या तोंडावर नुसता गोंधळ होता.

"तू लिहिलंस?"

"हो."

"आईने नाही?"

"आईने?" छोटी म्हणाली. "आईचा काय संबंध?"

दादाने कार्ड खाली ठेवलं. हळूच, ओलं असल्यासारखं.

"त्या गुरुवारी मी सायकल काढायला मागे गेलो होतो," तो म्हणाला. "बाबा नुकतेच गेले होते वाटतं. आई खिडकीत होती. तिने मला पाहिलं, म्हणाली, भिजशील, आत ये. बाकी मला तिथे कोणी पाहिलंच नव्हतं. तू तर शाळेत होतीस, असं मी धरून चाललो. मग बाबा म्हणाले, कार्डासाठी आलंय. मी विचार केला, पाहिलं कोणी? आईने. मग लिहिलं कोणी? आईने."

"तू तिला विचारलं नाहीस?"

"नियम होता ना. आणि नियम नसता तरी नसतं विचारलं. मला वाटलं, हिने मला विचारायचं तर सोडून थेट लिहून टाकलं. मी शाळा बुडवली तेव्हा डोळेझाक करणारी आई. बाबांवरचा माझा राग गेला, चार-सहा वर्षांत गेला. त्यांनी कार्डावर विश्वास ठेवला, त्यांचा स्वभावच तो. तिच्यावरचा नाही गेला."

छोटीला एकेक गोष्ट आठवायला लागली. दादा आईशी कधी भांडला नाही. जेवायला वाढलं की जेवायचा, औषध हवं म्हटलं की आणायचा. तिला वाटायचं कामात असतो, कमी बोलतो. बाबांशी मात्र तासन्‌तास गप्पा मारायचा. हे कोणाला खटकलं नव्हतं. तिला तर नाहीच, तिचं लक्ष आपल्या खुर्चीपलीकडे कधी गेलंच नव्हतं.

"इथे यायची ती," दादा म्हणाला. "माहीत आहे तुला?"

"आई? दुकानात?"

"दर दोन-तीन महिन्यांनी. मशीन घेऊन. कोणातरी पोराच्या डोक्यावर देऊन आणायची, एवढं जड धूड. म्हणायची, टाका सुटतोय रे. मी बघायचो. टाका कुठेच सुटत नसायचा, मशीनला काहीसुद्धा झालेलं नसायचं. मी तेल घालायचो, पुसायचो आणि द्यायचो परत. तेवढा वेळ ती त्या स्टुलावर बसायची, तू बसलीयेस तिथे. काहीतरी सांगायची, शेजारचं, घरचं. मी हूं म्हणायचो. वर मान करून बघायचो नाही. मला वाटायचं, केलेलं मनाला खातंय, म्हणून येते. म्हटलं, येऊ दे."

त्याने चष्मा काढला, काचा पुसल्या, परत लावला नाही.

"अठरा वर्षं आली ती," तो म्हणाला. "मी तिला चहासुद्धा कधी विचारला नाही, छोटी."

छोटी रडायला लागली. तिने ठरवून आणलेलं सगळं दादाच्या खुर्चीबद्दल होतं, डब्यांबद्दल होतं, हुकलेल्या शिक्षणाबद्दल होतं. त्याची माफी तिने मनात इतके वेळा मागितली होती की वाक्यं पाठ झाली होती. पण या दुसऱ्या गोष्टीची माफी कोणाकडे मागायची? आई काही न करता अठरा वर्षं या स्टुलावर आरोपी म्हणून बसून गेली होती, आणि तिला ते कधी कळलंही नव्हतं.

"कार्ड छाप," दादा कार्ड तिच्याकडे सरकवत म्हणाला. "खरं करून छाप. तुझं नाव घालून."

"घालते."

"आता तू जा."

"दादा..."

"रागावलो नाही म्हणणार होतो, पण रागावलोय. खूप रागावलोय. तुझ्यावर किती आणि माझ्यावर किती ते मला अजून कळत नाहीये. आज जा. चार दिवसांनी मी येईन तुझ्याकडे. येणार नक्की, घाबरू नकोस. पण आज जा."

छोटीने कार्ड उचललं, डोळे पुसले आणि पायरी उतरली. रस्त्यावर दुपारचं ऊन होतं, समोरच्या दुकानदाराने तिला हात केला, तिनेही केला. कोपऱ्यावर पोहोचल्यावर तिला राहवलं नाही, तिने वळून पाहिलं. उघडं मशीन टेबलावर तसंच होतं आणि टेबलामागची दादाची खुर्ची रिकामी होती. दादा अलीकडे येऊन आईच्या स्टुलावर बसला होता, आणि तिथून आपली खुर्ची कशी दिसते ते बघत होता.